किलकेनी (आयर्लंड): दोन रात्री, गाडी नाही, सोबत ज्येष्ठ. जमेल का?

पाणपोई
मे अखेरीस डब्लिनला आठवडाभर मुक्काम आहे. त्यातले दोन दिवस किलकेनीला द्यावेत असं डोक्यात आहे. शुक्रवार २९ मे आणि शनिवार ३० मे अशा दोन रात्री. एकूण चार जण, त्यातले दोघं सत्तरीच्या पुढचे. सपाटीवर तास-दीड तास आरामात चालतात, जिन्यांशी मात्र वाकडं आहे. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. गाडी भाड्याने घ्यायची नाही. दोन रात्री जास्त होतात का? डब्लिनहून एका दिवसात उरकतं असंही वाचलंय. काय चुकवू नये आणि काय खुशाल सोडावं तेही सांगा.

तळ्यातमळ्यात
एक दिवस पुरतो. वस्ती सत्तावीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव. एका टोकाला किल्ला, दुसऱ्या टोकाला सेंट कॅनिसचं कॅथीड्रल, मधे जेमतेम किलोमीटरभर रस्ता. त्यालाच 'मिडीव्हल माईल' (मध्ययुगीन मैल) असं भारदस्त नाव दिलंय. सकाळच्या रेल्वेने जा, संध्याकाळच्या रेल्वेने या. हॉटेलचे पैसे वाचतील.

गोधडी
रस्ता किलोमीटरभर आहे म्हणून गाव तासाभरात होतं, हा हिशेब चुकतो. आतला वेळ धरा. किल्ला दीड तास, रोथ हाऊस (जुन्या व्यापाऱ्याचं घर) आणि मागची बाग एक तास, मिडीव्हल माईल म्युझियम एक तास, कॅथीड्रल पाऊण तास, ब्लॅक अ‍ॅबी (जुना मठ) अर्धा तास. झाले पावणेपाच तास, आणि अजून कोणी चहाही प्यायलेला नाही. बहुतेक ठिकाणी शेवटचा प्रवेश दार बंद व्हायच्या अर्धा तास ते तासभर आधी असतो, आणि संध्याकाळी पाचच्या आसपास दारं लागायला सुरुवात होते. सत्तरीपुढच्या माणसांना घेऊन हे एका दिवसात म्हणजे नुसती वरात.

डब्लिनहून निघणाऱ्या एकदिवसीय बसटूर बहुधा ग्लेंडालॉ आणि विकलोच्या डोंगरांसोबत किलकेनी जोडतात. हातात दीड-दोन तास मिळतात. तेवढ्यात एक तर किल्ला आतून होतो किंवा जेवण होतं.

शिवाय त्या दिवसांत सूर्य साडेनऊनंतर मावळतो. टूरच्या बसगाड्या निघून गेल्या की किल्ल्याची बाग आणि नोर नदीकाठची वाट मोकळी मिळते. नदीकाठ सपाट आहे, किल्ल्याच्या पायथ्याशीच वाट सुरू होते. तुमच्या ज्येष्ठांना सगळ्यात जास्त हेच आवडेल.

बोकोबा
'किल' म्हणजे किल्ला असेल असं वाटून मी खूश झालो होतो. (किल-के-नी, किल्ला के नीचे वगैरे.)

सनावळी
@बोकोबा, 'किल' म्हणजे चर्च. आयरिशमधलं मूळ नाव 'किल खन्निग', म्हणजे कॅनिसचं चर्च. आयर्लंडच्या नकाशावर 'किल'ने सुरू होणारी गावं ढिगाने आहेत, त्यातली बरीचशी अशीच.

आणि @तळ्यातमळ्यात, तालुक्याचं गाव म्हणा, पण तिथे जाऊन 'टाउन' म्हणू नका. पहिल्या जेम्स राजाने १६०९ साली सनद देऊन शहराचा दर्जा दिलाय. आकार लहान असला तरी स्थानिक माणूस 'सिटी'च म्हणतो आणि तुमच्याकडूनही तीच अपेक्षा ठेवतो.

रूळकरी
रेल्वेचं सांगतो. डब्लिनला दोन मोठी स्टेशनं आहेत, कॉनली आणि ह्यूस्टन. किलकेनीची गाडी ह्यूस्टनहून सुटते. फलकावर 'वॉटरफर्ड' शोधा, कारण गाडी पुढे तिथवर जाते. किलकेनी मधलं स्टेशन आहे. साधारण दीड तास लागतो. दोन्ही स्टेशनं लुआस ट्रामच्या तांबड्या लाइनवर आहेत, त्यामुळे चुकून कॉनलीला गेलात तर ट्राम पकडून ह्यूस्टनला या, पण अर्धा तास हाताशी हवा.

तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर खिडकीपेक्षा बहुधा स्वस्त पडतं आणि जागाही राखून मिळते. जागेच्या वर छोट्या पट्टीवर नाव झळकतं. आपलं नाव लिहिलेल्या जागेवर कोणी बसलं असेल तर नुसतं दाखवायचं, वाद होत नाही.

एक गंमत ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा. किलकेनीचं स्टेशन मूळ मार्गाला फुटलेल्या फाट्यावर आहे. गाडी आत येते, थांबते आणि तोंड फिरवून उलट दिशेने वॉटरफर्डकडे निघते. म्हणजे ऐनवेळी उतरायचं राहिलं तर 'गाडी डब्लिनला परत निघाली' असं वाटून गप्प बसून राहू नका, पुढचं स्टेशन थॉमसटाउन आहे. आधीचं म्विन बेग, ज्याला बॅगनल्सटाउनही म्हणतात. ते गेलं की सामान काढायला घ्या.

स्टेशनचं नाव मॅकडोनाह. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सात जणांपैकी थॉमस मॅकडोनाह, त्यांचं. तिथून जॉन स्ट्रीटने उतरत पुलापर्यंत आलात की समोर किल्ला. दहा-पंधरा मिनिटं, चाकांची बॅग चालते.

हायवे
चौघे असाल तर गाडीचा पुन्हा विचार करा. डावीकडूनच चालवायची असते, आपल्यासारखी. विमानतळाहून एम ५०, मग एम ७, मग एम ९, साधारण १३० किमी. एम ५० चा टोल मात्र नाक्यावर भरायचा नसतो, तिथे नाकाच नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन किंवा दुकानात भरावा लागतो. विसरलात की दंड, आणि भाड्याच्या गाडीवर कंपनीची हाताळणी-फी वेगळी. टोल भरायची जबाबदारी कंपनीची की आपली, हे चावी घेतानाच विचारायचं.

गोधडी
@हायवे, त्यांनी गाडी नको म्हटलंय हो! आणि गावात गाडी लावून चालतच फिरायचं आहे. गावाबाहेरची ठिकाणं करायची असतील तरच गाडीचा उपयोग.

शिक्का
भारतीय पासपोर्ट असेल तर हे आधी बघा. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. शेंगेन व्हिसावर डब्लिनला उतरता येत नाही. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा असेल आणि त्यावर 'बी.आय.व्ही.एस.' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तर त्यावर आयर्लंड चालतं, पण अट अशी की ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी प्रवेश झालेला हवा. ब्रिटिश व्हिसा घेऊन मुंबईहून थेट डब्लिन केलंत तर अडाल. आधी लंडन, मग डब्लिन. आणि बेलफास्ट-डेरी जोडायचा मोह झाला तर ते ब्रिटनमध्ये येतं. सीमेवर कोणी अडवत नाही म्हणून व्हिसा लागत नाही असं नसतं.

प्लग ब्रिटनसारखे, तीन चौकोनी पिनांचे. पॅरिससाठी घेतलेला गोल पिनांचा अ‍ॅडॅप्टर इथे कुचकामी.

पाणपोई
आयरिश व्हिसा झालाय, आभार. गाडीने उलटं जायचं हे कळलं ते फार बरं झालं, आमच्याकडे त्यावरून नक्की आरडाओरडा झाला असता. :) आता जिन्यांचं आणि खाण्याचं सांगा.

वरणफळ
खाण्याचं माझ्याकडे.

न्याहारी: 'फुल आयरिश'मध्ये सॉसेज, बेकन, ब्लॅक पुडिंग, व्हाइट पुडिंग. ब्लॅक पुडिंगमध्ये डुकराचं रक्त असतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. व्हाइट पुडिंग पांढरं दिसतं म्हणून फसू नका, त्यात रक्त नसतं पण डुकराचं मांस असतंच. 'व्हेजिटेरियन ब्रेकफास्ट' सांगितलं की अंडी, मश्रूम, टोमॅटो, बीन्स आणि टोस्ट येतो. ब्राउन ब्रेड मागून घ्या. सोडा घालून फुलवलेला, यीस्ट नसलेला, जरा रवाळ असतो. वर आयरिश लोणी. ह्यावर दोन दिवस काढता येतील.

दुपारी: 'सूप ऑफ द डे' बहुतेक वेळा भाज्यांचं मिक्सरमधून काढलेलं असतं, पण पाणी कुठलं ते विचारा. चिकन स्टॉक असू शकतो. प्रश्न 'व्हेज आहे का' असा न विचारता 'स्टॉक कशाचा' असा विचारा, उत्तर नेमकं मिळतं. चिप्सबद्दलही (म्हणजे फ्रेंच फ्राइज) तेच. काही ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात.

बटाट्यात कोलकॅनन (कुस्करलेला बटाटा आणि केल किंवा कोबी) आणि चॅम्प (कुस्करलेला बटाटा आणि कांद्याची पात), दोन्ही शाकाहारी, पण मेनूवर बहुधा मांसाच्या बाजूला येतात. वेगळे मागायचे. आणि रात्रीचं जेवण साडेसात-आठपर्यंत उरका. पब मध्यरात्रीपर्यंत उघडा दिसतो पण स्वयंपाकघर नऊच्या सुमारास बंद होतं. त्यानंतर शेंगदाणे आणि क्रिस्प्स (वेफर्स).

बोकोबा
म्हणजे बटाट्याबरोबर तोंडी लावायला बटाटा. चातुर्मासात जायला हरकत नाही.

गोधडी
जिन्यांचं. कॅथीड्रल टेकाडावर आहे. आयरिशटाउनच्या बाजूने सेंट कॅनिस स्टेप्स म्हणून १६१४ च्या दगडी पायऱ्या चढून जातात. भिंतीत जुन्या कॅथीड्रलचे कोरीव तुकडे बसवलेत, दिसायला सुरेख, पावसात निसरड्या. ज्येष्ठांना तिथून नेऊ नका. कोच रोडने वळसा घाला, चढ आहे पण पायऱ्या नाहीत.

हाय स्ट्रीट आणि किरन्स स्ट्रीट जोडणारी बटर स्लिप ही बोळही (१६१६ ची, पूर्वी इथे लोण्याचे गाळे होते) उताराची आणि पायऱ्यांची आहे. वरून डोकावून फोटो काढला तरी भागतं.

कॅथीड्रलशेजारचा गोल मनोरा मात्र ज्येष्ठांसाठी नाहीच. साधारण ३० मीटर उंच, आत लाकडी मजले आणि त्यांना जोडणाऱ्या उभ्या शिड्या, शेवटचा टप्पा अरुंद दगडी. वर जाणारा आणि खाली येणारा एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, म्हणून लोकांना टप्प्याटप्प्याने सोडतात. बारा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. वारा-पाऊस असेल तर मनोरा बंद. तेव्हा मनोरा चढायचा असेल तर पहिल्या दिवशी आभाळ मोकळं दिसताच चढून घ्या. एकाच दिवसाची फेरी असली तर हा जुगार हरायची शक्यता मोठी, @तळ्यातमळ्यात.

तळ्यातमळ्यात
बरं, हा मुद्दा मान्य. पण मनोरा सोडला तर एक दिवस पुरतो यावर ठाम आहे.

सनावळी
आयर्लंडात असे गोल मनोरे पुष्कळ आहेत, पण वरपर्यंत चढू देतात असे अगदी मोजके. हा त्यातला एक, नवव्या शतकाच्या आसपासचा. आकाराने आपल्या देवळापुढच्या दीपमाळेची आठवण येते, दिवे मात्र नाहीत. मठाची घंटा वाजवायला आणि मौल्यवान वस्तू ठेवायला. दार जमिनीपासून पुरुषभर उंचीवर आहे. पाया उथळ, त्यामुळे मनोरा किंचित कललाय.

आता त्याच कॅथीड्रलची एक गोष्ट. १३२४ साली इथे डेम अ‍ॅलिस किटेलर हिच्यावर चेटकाचा खटला झाला. सावकारी करणारी श्रीमंत बाई, चार लग्नं झालेली. चौथा नवरा आजारी पडला तसा सावत्र मुलांना संशय आला, आणि बिशप रिचर्ड लेड्रीडने प्रकरण हातात घेतलं. अ‍ॅलिस निसटली. तिची दासी पेट्रोनिला मात्र सापडली. तिला फटके मारून कबुली घेतली आणि ३ नोव्हेंबर १३२४ रोजी जिवंत जाळलं. अ‍ॅलिसचा मुलगा विल्यम आउटलॉ, याला शिक्षा काय, तर कॅथीड्रलच्या छपरावर शिशाचे पत्रे घालून द्यायचे. पुढे १३३२ मध्ये मधला घंटामनोरा कोसळला. त्या शिशाच्या वजनानेच, असं सांगतात. नंतरचा मनोरा बुटका का दिसतो, त्याचं उत्तर हे.

किरन्स स्ट्रीटवर अ‍ॅलिसच्या नावाची खाणावळ आहे. तळघर बघा. पेट्रोनिलाच्या नावाने मात्र कोणी खाणावळ काढली नाही.

नकाशे
नावांचा घोळ. 'सेंट मेरीज' असं फोनवर टाकलंत तर दोन जागा येतात. सेंट मेरीज कॅथीड्रल हे कॅथलिक, एकोणिसाव्या शतकातलं. सेंट मेरीज चर्च हे तेराव्या शतकातलं आणि त्यातच आता मिडीव्हल माईल म्युझियम आहे (२०१७ पासून). आणि सेंट कॅनिस कॅथीड्रल हे तिसरंच, चर्च ऑफ आयर्लंडचं, म्हणजे प्रॉटेस्टंट. नुसतं 'कॅथीड्रल' विचारलंत तर वाटेल तिकडे पाठवतील. संताचं नाव घेऊन विचारा. रविवारी सेंट कॅनिस सकाळी उपासनेसाठी असतं, पाहुण्यांना दुपारनंतर.

ब्लॅक अ‍ॅबी फुकट आहे, दानपेटी आहे. १२२५ चा डॉमिनिकन मठ. दक्षिणेकडच्या भिंतीत १८९२ ची रोझरी खिडकी, आयर्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या रंगीत काचखिडक्यांत गणली जाते. दक्षिण बाजू म्हणजे दुपारी बारा ते दोन, ऊन असेल तर. सकाळी नऊला बघून 'ठीक आहे' म्हणणारे चुकीच्या वेळी गेलेले असतात. मिस्सा (प्रार्थनाविधी) चालू असेल तर मागे शांत बसा, फोटो नंतर. आत जायला पायऱ्यांचा त्रास नाही. जवळच तटबंदीचा उरलेला एकमेव दरवाजा आहे, ब्लॅक फ्रेरेन गेट.

आडवाट
किल्ल्याबद्दल कोणी बोललंच नाही. हा भुईकोटच म्हणायचा, नदीकाठच्या उंचवट्यावर. विल्यम मार्शलने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला दगडात बांधला. चार कोपऱ्यांना चार बुरूज होते, आता तीन. इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या १६५० च्या वेढ्यात पूर्वेकडच्या अंगाचं नुकसान झालं, म्हणून आज किल्ला चौक नसून एक बाजू उघडी असलेला दिसतो. १३९१ ला बटलर घराण्याने विकत घेतला आणि साडेपाचशेहून जास्त वर्षं ठेवला. १९३५ मध्ये आतलं सामान लिलावात गेलं. १९६७ मध्ये घराण्याने तो लोकांच्या समितीला ५० पौंडांत दिला.

म्हणून आत बघताना लक्षात ठेवा, बरंचसं सामान मूळचं नाही, जमवलेलं किंवा परत मिळवलेलं आहे. दालनांत वेळ घालवण्यापेक्षा चित्रदालनाकडे पाय वाचवून ठेवा. लाकडी छत खालून बघायचं. तुळयांवरची रंगवलेली नक्षी एकोणिसाव्या शतकातली.

बोकोबा
५० पौंडांत किल्ला. पार्किंग वेगळं का?

गोधडी
माझ्या मते किल्ल्यापेक्षा रोथ हाऊस सरस. जॉन रोथ नावाच्या व्यापाऱ्याचं घर, १५९४ ते १६१० मध्ये टप्प्याटप्प्याने वाढवलेलं. संसार वाढत गेला तसं मागे दुसरं, मग तिसरं घर, मधे चौक. आपला तीनचौकी वाडाच. शेवटी भाजी-फळांची बाग थेट शहराच्या तटापर्यंत. बाग सतराव्या शतकाच्या पद्धतीने पुन्हा लावलीय. घरात लाकडी जिने आहेत, ज्येष्ठ चौकात आणि बागेत बसू शकतात. उघडण्याचे वार ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी बघून घ्या.

ओटा
गावाला 'मार्बल सिटी' म्हणतात, पण तो संगमरवर नव्हेच. काळा चुनखडीचा दगड आहे, पॉलिश घेतो म्हणून मार्बल म्हणायचं. आपल्या ओट्यावरच्या काळ्या कडाप्प्याचा लांबचा भाऊ, कारण तोही चुनखडीच. ओळखायची खूण: पॉलिश केलेल्या तुकड्यात पांढरट शिंपल्यांचे, प्रवाळांचे आकार दिसतात. पाऊस पडला की फरशीत ते उठून दिसतात. तेवढाच पावसाचा फायदा. कॅथीड्रलमधल्या थडग्यांवर हा दगड भरपूर आहे.

चेंडूफळी
अवांतर. दुकानांवर काळे-पिवळे पट्टे दिसले तर टॅक्सी-रिक्षांचे नव्हेत, हर्लिंग ह्या काठी-चेंडूच्या आयरिश खेळातल्या किलकेनी संघाचे. किलकेनीने अखिल आयर्लंड वरिष्ठ स्पर्धा ३६ वेळा जिंकलीय, सगळ्यांत जास्त. एकेका बाजूला १५ जण, अ‍ॅशच्या लाकडाची काठी. गोलखांबांमधल्या आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर १ गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३. गुणफलकावर '२-१८' दिसलं तर तो २ गोल आणि १८ गुण, एकूण २४. आणि ह्याच गावात १३६६ मध्ये 'किलकेनीचे कायदे' झाले, ज्यांत इंग्रज वस्तीला आयरिश भाषा, आयरिशांशी लग्न आणि हर्लिंगही मना केलं होतं. मनाईचा परिणाम ३६ वेळा दिसला.

आडवाट
दुसऱ्या दिवशी गावाबाहेर जायचं तर एकच निवडा. जेरपॉइंट अ‍ॅबी: बाराव्या शतकातला सिस्टर्शियन मठ, ओवऱ्यांच्या खांबांवर कोरलेली माणसं बघण्यासारखी. थॉमसटाउनपासून दोन-तीन किमी. गाडीने एक स्टेशन पुढे आणि तिथून टॅक्सी, पण परतीची टॅक्सी जातानाच ठरवा. केल्स प्रायरी: तटबंदी आणि बुरुजांचा मठ, फुकट, आत मेंढ्या चरतात. जमीन उंचसखल. डन्मोर गुहा: भरपूर पायऱ्या, ओल, वर्षभर थंड. तुमच्या ज्येष्ठांसाठी नाही.

रूळकरी
धागा पहिल्यापासून परत वाचला. दोन रात्री की एक, यावर इतकं चाललंय, पण तारखा कोणी बघितल्याच नाहीत! २९-३० मे म्हणजे पुढचा सोमवार १ जून. जूनचा पहिला सोमवार आयर्लंडमध्ये बँक हॉलिडे. सलग सुट्टी, आणि त्याच वीकएंडला किलकेनीत 'कॅट लाफ्स' हा विनोदाचा महोत्सव असतो. १९९५ पासूनची प्रथा आहे.

गोधडी
अरे हो की! @पाणपोई, बुकिंग रद्द करता येत असेल तर करा. एरवीसुद्धा शुक्रवार-शनिवार किलकेनी म्हणजे लग्नाआधीच्या पार्ट्यांचं गाव. पंधरा मैत्रिणी, डोक्यावर चमकते मुकुट, रात्री दोनपर्यंत रस्त्यावर गाणी. त्यात बँक हॉलिडे म्हणजे भाडं चढं आणि जेवायला जागा नाही. रविवार-सोमवार घ्या.

रूळकरी
सरसकट रविवार-सोमवारही सांगू नका. सोमवारी सुट्टी असली की रविवारची रात्र हीच शनिवारची रात्र. आठवड्याच्या मधले वार घ्या.

तळ्यातमळ्यात
तारखा त्याच ठेवायच्या असतील तर मात्र माझं ऐका, एका दिवसात जाऊन या. आता तरी +१ द्या.

पाणपोई
@तळ्यातमळ्यात, +१, पण तारखा बदलल्या. हॉटेल रद्द झालं, पैसे कापले नाहीत. आता मंगळवार २६ आणि बुधवार २७ मे. मंगळवारी दुपारी ब्लॅक अ‍ॅबी आणि आभाळ बघून मनोरा (आम्ही दोघंच), संध्याकाळी नदीकाठ. बुधवारी किल्ला आणि रोथ हाऊस. गुरुवारी सकाळी म्युझियम, दुपारची गाडी. जेरपॉइंट सोडलं. नवीन खोली हाय स्ट्रीटवर मिळतेय, घ्यावी का?

गोधडी
घ्या, पण मागच्या बाजूची मागा आणि लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा. जुन्या इमारतींत 'दुसरा मजला' म्हणजे कधी कधी तीन जिने.

वरणफळ
आणि खाली पब नाही ना, तेही. असेल तर निदान स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं ते विचारून ठेवा.